नाही म्हणणारा बोटवाला

गेल्या डिसेंबरात आम्ही आठ जण जळगावहून मालवणला गेलो, तेव्हा स्कूबासाठी, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन समुद्रात डुबकी मारण्यासाठी, बोट ठरवण्याचे काम माझ्याकडे आले. निघण्यापूर्वी मी तीन ठिकाणी फोन केले. दोघांनी पाण्याखालचे फोटो आणि व्हिडिओ पाठवले, दर सांगितला आणि पूर्ण रक्कम आधी मागितली. माझी मुलगी 9 वर्षांची आहे, सासऱ्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत आणि धाकट्या जाऊबाईंना दम्याचा त्रास आहे, हे मी सांगितल्यावर दोघांचेही उत्तर एकच होते: काही होत नाही, सगळेच करतात. तिसऱ्याने मात्र आधी प्रत्येकाचे वय आणि आजार विचारले आणि आमच्या आठांपैकी तिघांना पाण्यात उतरवण्यास स्पष्ट नकार दिला. मी त्याची बोट ठरवली ती त्या नकारामुळेच.

त्याचा नकार मनमानी नव्हता. ‘पॅडी’ या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्थेच्या नियमानुसार समुद्रातल्या पहिल्या डुबकीसाठी किमान वय 10 वर्षे लागते. दमा किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांचा लेखी दाखला आणल्याशिवाय उतरू नये, हेही तिथल्या आरोग्य-प्रश्नावलीत अपेक्षित असते. अण्णा, म्हणजे माझे सासरे, थोडे नाराज झाले. ‘काका, तुमच्यासाठी बोटीवर सावलीची जागा ठेवतो,’ असे त्याने फोनवरच त्यांना सांगितले. कुटुंबाची बोट निवडताना पाण्यात जाणाऱ्यांइतकाच वर थांबणाऱ्यांचा विचार करावा लागतो, आणि तो त्याने आमच्याआधी केला होता.

माझे पती आणि दीर लहानपणी गिरणाकाठच्या गावी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले. आमच्याकडे पट्टीचा पोहणारा म्हणजे दम धरून तळ गाठणारा आणि मूठभर गाळ वर आणून दाखवणारा. त्यामुळे या दोघांची आम्हाला मुळीच चिंता नव्हती. बोटवाल्याला मात्र त्यांचीच अधिक काळजी वाटली, कारण स्कूबामध्ये दम धरणे हीच सर्वांत घातक सवय आहे. समुद्रात दर 10 मीटर खोलीला, पृष्ठभागावर हवेचा जेवढा दाब असतो तेवढा दाब वाढतो. 10 मीटरवर टाकीतून फुप्फुसे भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा मागते, आणि तोंड मिटून वर येणाऱ्याच्या फुप्फुसांना इजा होऊ शकते. उथळ पाण्यातही हा धोका संपत नाही. म्हणून त्याने या दोघांना कंबरभर पाण्यात उभे करून, तोंडाने सतत श्वास घेत राहणे, कानावर दाब येताच नाक धरून हळूच फुंकणे आणि हाताच्या खुणा हे सगळे पुन्हा पुन्हा करवून घेतले. आधी किती वेळ शिकवणार, हा प्रश्न मी फोनवर विचारला होता. दराच्या आधी विचारावा असा तो प्रश्न आहे, असे माझे ठाम मत आहे.

पैसे देण्यापूर्वी, आदल्या संध्याकाळी, आम्ही जेटीवर जाऊन बोट पाहिली. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला होता, ती बातमी माझ्या डोक्यातून गेलेली नव्हती. महाराष्ट्र सागरी मंडळाकडील नोंदणी आणि प्रवासी क्षमता यांचे कागद मी मागून पाहिले, मुलांच्या मापाची जॅकेटे आहेत का ते माझ्या मुलीला घालून पाहिले, आणि पाण्यातून वर चढायला शिडी आहे याची खात्री केली. प्राणवायूचे नळकांडे वेगळे ठेवलेले होते. पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन असतो असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात तिथे दाबून भरलेली साधी हवा असते, आणि शुद्ध ऑक्सिजन लागतो तो अपघातानंतरच्या प्रथमोपचाराला. तो बोटीवर नसता तर मी बोट बदलली असती.

मे महिन्याच्या सुट्टीऐवजी डिसेंबर निवडण्याचा सल्लाही त्याचाच. हातनूर धरणाचे दरवाजे उघडले की तापीचे पाणी कित्येक दिवस गढूळ राहते, तसेच पावसाळ्यानंतर किनाऱ्याजवळचा समुद्र निवळायला वेळ लागतो. मे महिन्यात पावसाच्या तोंडावर लाटा वाढतात आणि गर्दीही असते. मुलांच्या शाळेची चार दिवसांची रजा काढावी लागली, ती मला योग्यच वाटते.

स्कूबा आम्ही पहिल्याच दिवशी उरकला, यामागेही कारण होते. डुबकीनंतर लगेच उंचीवर जाऊ नये, आणि विमानप्रवासापूर्वी तर एका साध्या डुबकीनंतरही किमान 12 तास जाऊ द्यावेत, असे सांगितले जाते. आम्हाला विमान नव्हते, पण मंगला एक्स्प्रेसने परतताना कसारा घाट चढून इगतपुरीला सुमारे 600 मीटर उंची गाठावी लागते. म्हणून दुसरा दिवस किल्ल्यासाठी ठेवला. 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतलेल्या सिंधुदुर्गाच्या तटावरून अण्णा आम्हा सगळ्यांच्या पुढे चालत होते, आणि आदल्या दिवशी आमची बोट कुठे नांगरली होती ती जागा नातीला दाखवत होते.