अलाबामा मागे का? तुम्ही विचारलंत म्हणून

"तुम्ही राहता ते राज्य एवढं मागास कसं हो?" भारतात आलो की हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्यांचा मुलगा न्यू जर्सीत, लेक बे एरियात. आम्ही मात्र मॉन्टगोमेरी, अलाबामा. इथे २००५ पासून ह्युंदाईचा कारखाना आहे, भोवती सुटे भाग पुरवणाऱ्यांची रांग, आणि पुण्याच्या चाकण-पिंपरीतून आलेली आमच्यासारखी काही मराठी कुटुंबं. प्रश्नाला बहुतेकदा एक शेपूटही असतं, आवाज खाली आणून विचारलेलं: "काळे लोक जास्त आहेत म्हणून का?" खरं तर त्या शेपटासाठीच हे लिहायला घेतलं.

सरळ सांगतो. अलाबामाला ठरवून मागे ठेवलं गेलं, आणि ज्यांनी ठेवलं त्यांनी ते राज्याच्या स्वतःच्या घटनेत (इथे प्रत्येक राज्याची वेगळी घटना असते) कलमवार लिहून ठेवलं. साल १९०१.

पण आधी जमीन. मी हिंगणघाटकडचा. मॉन्टगोमेरीहून हायवे ८० धरून पश्चिमेला निघालं की थोड्याच वेळात लाउंड्स काऊंटी (काऊंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) लागते, आणि तिथली माती मला घरच्यासारखी ओळखू येते. काळी, भारी, पावसात बुटाला गोळे लागणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. ही जमीन मूळची क्रीक आदिवासींची. १८१४ मध्ये सेनापती अँड्र्यू जॅक्सनने (हा पुढे राष्ट्राध्यक्ष झाला) त्यांच्याकडून तह करवून दोन कोटी एकरांहून जास्त मुलूख घेतला, आणि मळेवाले गुलामांचे तांडे घेऊन या काळ्या पट्ट्यात उतरले. १८६० च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ९ लाख ६४ हजार, त्यातले ४ लाख ३५ हजार गुलाम. फेब्रुवारी १८६१ मध्ये फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांची पहिली राजधानी झाली ती आमची मॉन्टगोमेरीच. मग अमेरिकेतल्या यादवी युद्धाने इथला कापूस अडला, लिव्हरपूलला भाव कडाडले आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. १८६५ मध्ये युद्ध थांबताच मुंबईचा शेअरबाजार आपटला. आपल्याकडच्या त्या तेजीचा आणि इथल्या गुलामगिरीचा हिशेब एकाच वहीत होता, एवढंच.

गुलामगिरी गेली, काळ्या पुरुषांना मत मिळालं. जमीन मात्र मिळाली नाही. ज्यांच्या मळ्यावर राबत होते त्यांचीच शेती बटईने करू लागले. सरकी-अवजारं उधारीवर घ्यायची, हंगाम संपला की मालकाच्या चोपडीत पाहायचं, तर देणं शिल्लकच. बर्मिंगहॅमभोवती लोखंड आणि कोळसा निघाला, तेव्हा खाणींना मजूर हवे होते; राज्य सरकारने कैदीच भाड्याने दिले. त्यात बहुसंख्य काळे, आणि कित्येकांचा गुन्हा काय, तर 'भटकणे'. ही पद्धत १९२८ पर्यंत चालली. बाकीच्या राज्यांनी ती त्याआधीच सोडली होती.

१९०१ कशामुळे, हे कळायला १८९० चं दशक बघावं लागतं. कापसाचे भाव पडले होते, आणि उत्तरेकडच्या डोंगराळ भागातला गोरा छोटा शेतकरीही कर्जात बुडाला होता. तो मळेवाल्यांच्या विरोधात उभा राहिला. रूबेन कोल्ब हा त्यांचा उमेदवार १८९२ आणि १८९४ मध्ये गव्हर्नरपदासाठी लढला आणि काळ्या पट्ट्यातल्या मतपेट्यांनी त्याला हरवलं. या पेट्या भरणारे मळेवालेच होते: काळ्यांची मतं परस्पर मोजून आपल्या खात्यात. गरीब गोरे आणि काळे खरोखर एकत्र आले तर काय होईल, याची धास्ती मात्र बसली ती बसलीच.

मग घटना-परिषद भरली. १५५ प्रतिनिधी, सगळे गोरे, सगळे पुरुष. अध्यक्ष जॉन नॉक्स. त्याने पहिल्याच भाषणात हेतू सांगून टाकला: केंद्राच्या घटनेने घातलेल्या मर्यादेत राहून या राज्यात गोऱ्यांचं वर्चस्व प्रस्थापित करायचं. आडपडदा नाही. मतदार व्हायचं तर वाचता-लिहिता यायला हवं किंवा मालमत्ता हवी, आणि वर्षाला दीड डॉलर मतदान-कर भरायला हवा. वर हा कर थकला की पुढच्या वर्षात जमा होत जाई. ज्या बटईदाराच्या हातात रोख पैसा जेमतेम दिसायचा, त्याच्यासाठी ही थकबाकी म्हणजे मतावर कायमचं पाणी. घटनेला जनतेची मंजुरी घेतली तीही बघा: डॅलस, हेल आणि विलकॉक्स या तीन काऊंट्यांत मिळून गोरे मतदार साडेपाच हजारांच्या आसपास, आणि घटनेच्या बाजूने मतं पडली १७ हजारांवर. म्हणजे मताधिकार काढून घेणाऱ्या घटनेला काळ्यांनीच भरभरून पाठिंबा दिला, असं कागद सांगतो!

१९०० मध्ये १ लाख ८० हजारांच्या घरात असलेले काळे मतदार दोन-तीन वर्षांत तीन हजारांवर आले. जॅक्सन गाइल्स नावाचा मॉन्टगोमेरीतला एक काळा माणूस सुप्रीम कोर्टात गेला. टस्कीगीच्या बुकर टी. वॉशिंग्टनने, म्हणजे त्या काळातल्या काळ्यांच्या मोठ्या शिक्षण-नेत्याने, गुपचूप पैसे पुरवले. १९०३ मध्ये कोर्टाने हात वर केले: राजकीय अन्यायावर राजकारण्यांकडेच दाद मागा. ज्याचं मत गेलंय त्याने कोणत्या राजकारण्याकडे जायचं, ते काही कोर्टाने सांगितलं नाही. आणि गरीब गोरे? आपण सुटलो असं त्यांना वाटलं होतं. १९४० च्या दशकापर्यंत मताधिकार गमावलेल्यांत गोऱ्यांची संख्या काळ्यांपेक्षाही जास्त झाली होती.

मतांइतकाच महत्त्वाचा भाग कराचा आहे, आणि त्याकडे कोणी बघत नाही. जमिनीवरच्या राज्य-कराची कमाल मर्यादा या घटनेने बांधून टाकली: १०० डॉलरमागे ६५ सेंट. मतदारच कमी, जमीन कर लावण्यापासून सुरक्षित, मग शाळांना पैसा कुठून येणार? काऊंटीने आपलं आपण ठरवावं तर तेही अवघड. बारीकसारीक स्थानिक कामालासुद्धा घटनादुरुस्ती. बिंगो खेळू द्यायचा का, यावर घटनादुरुस्त्या झाल्या आहेत. अशा दुरुस्त्या नऊशेच्या वर गेल्या. पुढे १९७८ मध्ये शेती आणि जंगलाची जमीन करासाठी मूल्याच्या फक्त १० टक्क्यांवर धरायचं ठरलं. राज्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगल आहे, आणि मोठमोठी रानं कंपन्यांची. तूट भरायची ती विक्रीकरातून. इथे दुधा-पिठावरही कर लागतो. राज्याचा ४ टक्के होता, २०२३ पासून हळूहळू उतरतोय, पण शहर आणि काऊंटीचा वेगळा असतोच. किराण्याचं बिल हातात आलं की मला नॉक्स आठवतो.

आता लाउंड्सकडे परत येतो, कारण आपल्या लोकांना तिचं नाव माहीत असायला हवं. १९६५ च्या सुरुवातीला या काऊंटीत दहातले आठ लोक काळे होते आणि मतदारयादीत त्यातला एकही नव्हता. जमिनीचा ९० टक्के भाग ८६ गोऱ्या कुटुंबांकडे. मतासाठी नाव नोंदवलं म्हणून बटईदारांना जमिनीवरून हाकललं, तेव्हा त्यांनी हायवे ८० च्या कडेला तंबू ठोकले. जॉन ह्युलेट या स्थानिक माणसाने आणि नागरी हक्क चळवळीतल्या स्टोकली कार्मायकेलसारख्या तरुणांनी स्वतंत्र पक्ष काढला. निरक्षर मतदारांसाठी पक्षाला चिन्ह लागे. आपल्याला ते समजावून सांगायला नको. सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा, वर 'गोऱ्यांचं वर्चस्व' असं ब्रीद. यांनी काळा पँथर घेतला. ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ओकलंडमध्ये दोन तरुणांनी तो उचलला आणि ब्लॅक पँथर पार्टी झाली. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांच्या साथीदारांनी दलित पँथर उभी केली ती त्या नावावरून. कामाठीपुरा-नायगावच्या त्या पँथरचा जन्म असा एका कापूस-काऊंटीतल्या मतपत्रिकेवर झालेला. ह्युलेट १९७० मध्ये तिथलाच शेरीफ, म्हणजे काऊंटीचा पोलीसप्रमुख, म्हणून निवडून आला.

शेरीफ बदलला, जमीन तीच राहिली. तीच भारी काळी माती पाणी मुरू देत नाही, त्यामुळे साधी सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा चालत नाही. चालेल अशी यंत्रणा हजारो डॉलरची. म्हणून लाउंड्समध्ये आजही काही घरांमागे पांढरा पीव्हीसी पाइप दिसतो, घरातून निघून वीस-तीस फुटांवर उघड्यावर संपणारा. २०१७ मध्ये तिथल्या लोकांत हूकवर्म (आतड्यातला जंत) सापडल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २०२३ मध्ये केंद्राच्या न्याय खात्याने राज्याच्या आरोग्य खात्याशी यावर करार केला, आणि २०२५ मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला. कारण दिलं, हा विविधता-समतेचा कार्यक्रम आहे.

घटनेतली वंशभेदाची भाषा २०२२ मध्ये मतदारांनी काढून टाकली. त्याआधी २००४ आणि २०१२ मध्ये काळ्या-गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणारं कलम काढायचे प्रस्ताव पडले होते. कराची कलमं मात्र नव्या छापील प्रतीतही आहेत, ६५ सेंटसकट.