आमची वाटचाल : २३ अंशांपासून मे महिन्यातल्या जळगावापर्यंत

अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवत असतानाच मला मऊ रोबोटचं वेड लागलं. २०११ साली हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने अंगात सांगाडा नसलेला, नुसत्या हवेच्या दाबावर सरपटणारा रबरी रोबोट दाखवला होता. त्याची युक्ती सोपी आहे. बोटाच्या एका बाजूला हवेचे कप्पे, दुसऱ्या बाजूला न ताणणारा कागद किंवा कापड. हवा भरली की एकच बाजू ताणते आणि बोट वाकतं. आपण किती वाकलो, कशाला टेकलो, हे मात्र त्या बोटाला कळत नाही. म्हणून पीएच.डी.ला मी लवचीक सेन्सर घेतले. नोकरी सोडली तेव्हा घरच्यांनी काय ऐकवलं ते इथे नको.

वस्तू अलगद उचलणारे मऊ बोटांचे ग्रिपर (पकडणारी यंत्रं) बनवायला जळगावात सुरुवात केली, याचा फायदाच झाला. चटया, पाइप आणि ठिबकच्या कारखान्यांमुळे इथे साचे करणारे कसबी हात होते. पहिल्या साच्याचं ड्रॉइंग मी पुस्तकी शिस्तीने ड्राफ्ट (वस्तू साच्यातून सुटावी म्हणून भिंतींना दिलेला उतार) देऊन नेलं. मिस्तरीकाकांनी सिलिकॉनचा तुकडा दोनदा पिळला आणि म्हणाले, "ताई, हाई ते वाकाडीसन निंघी जाई, ड्राफ्ट कशाले?" साचा तिथल्या तिथे स्वस्त झाला.

खरी झटापट उन्हाशी. आमचं सिलिकॉन कालवल्यावर २३ अंशांना ४५ मिनिटं ओतण्याजोगं राहतं, असं डब्यावर लिहिलेलं असतं. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा व्हॅक्यूममध्ये बुडबुडे निघेपर्यंतच ते घट्ट व्हायला लागतं. त्यामुळे उन्हाळ्यात आमची ओतणी पहाटे उरकते. लॅटेक्सचे हातमोजे शेडमध्ये आणायलाच बंदी आहे : त्यातल्या गंधकामुळे प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारं आमचं सिलिकॉन तेवढ्या जागी चिकटच राहतं.

सेन्सरचं म्हणाल तर संशोधनात माझा जीव गॅलियम-इंडियमवर होता. बारीक नळीत भरलेला हा द्रव धातू ताणला की नळी लांब आणि अरुंद होते, विजेला होणारा रोध वाढतो, आणि त्यावरून बोट किती वाकलं ते कळतं. पण तो महाग, ॲल्युमिनिअम पोखरणारा, आणि १५.५ अंशांखाली गोठू शकणारा. आमच्याकडच्या जानेवारीतल्या रात्री त्याहून गार असतात. विक्रीच्या मालात आम्ही कार्बनची पूड मिसळलेलं सिलिकॉन घालतो. ताण सुटल्यावर त्याच्या रोधाचा आकडा लगेच जागेवर येत नाही, परिसंवादात यावर कुणीही मला धारेवर धरेल. केळी खोक्यांत भरणाऱ्या पॅकहाऊसला मात्र केळ्यांची फणी धरली की निसटली एवढंच हवं असतं.

हो, आमचा मुख्य ग्राहक केळीच. रावेर-सावदा पट्ट्यातली केळी कडक पकडीत धरली की दुसऱ्या दिवशी साल काळी पडते. घडावरून फण्या उतरवण्यात बायकांचे हात आजही आमच्या यंत्रापेक्षा झटपट आहेत, हे मी ग्राहकाला सौदा होण्याआधीच सांगते. आमचा ग्रिपर वजनकाट्यावरची फणी उचलून खोक्यात ठेवतो, बस्स. केळीचा चीक बोटांवर साचतो, तो रोज धुवावा लागतो. बोटं शेवटी झिजतात, फाटतात. म्हणून आता ती ॲलन कीने ग्राहकालाच बदलता येतील अशी केली आहेत. आमचे सीए म्हणतात, यंत्र राहू द्या मॅडम, पैसा बोटांत आहे. ताळेबंद बघता त्यांचं बरोबर आहे.