सॉरी म्हटलं ना!

"सॉरी म्हटलं ना बाई, जाऊ आता?" सांगलीतल्या एका शाळेत आज सातवीतला मुलगा समुपदेशक बाईंना म्हणाला. मित्राचा कंपास लपवला होता. वर्गासमोर माफी मागून झालेली, नजर मात्र दाराकडे.

चारचौघांत विचारलं की पोर अब्रू वाचवत बसतं. "का केलंस?" म्हटलं की सबब तयार.

बाईंनी दार लोटलं, त्याला शेजारी बसवलं. काय झालं? भूमितीच्या तासाला मित्राचं काय झालं असेल? आता तू काय करशील? दुसऱ्या प्रश्नानंतर त्या गप्प राहिल्या. ही शांतता मोडायची नसते, सहवेदना तिथंच जागी होते.

"त्याला बाहेर उभं केलं होतं," तो हळूच म्हणाला. "मी सांगतो सरांना."

आठवड्यानं पुन्हा बोलवायचं असतं, तेच नेमकं राहून जातं.

तुमच्या मुलांच्या शाळेत अशी दार लोटता येणारी खोली आहे?