कोची बंदर पाण्यावरून बघायचं असेल तर: आमच्या चार दिवसांचा अनुभव

जानेवारीत आम्ही चौघं कोचीला जाऊन आलो, मी, नवरा, सहावीतला मुलगा आणि माझी आई. रत्नागिरीहून नेत्रावतीने गेलो, संध्याकाळी गाडीत बसलो की दुसऱ्या दिवशी दुपारी एर्नाकुलम, म्हणजे कोचीचा मुख्य जमिनीवरचा भाग, आणि कोकण रेल्वेचा प्रवास असल्यामुळे आईला विमानापेक्षा तेच बरं वाटलं. खरं तर मुन्नार-थेक्कडी करायचं ठरत होतं पण आईचे गुडघे घाटातल्या गाडीला तयार नव्हते, म्हणून म्हटलं चार दिवस फक्त कोची आणि ते पण जास्तीत जास्त बोटीतून. हा निर्णय इतका छान ठरला की आता कुणी विचारलं तर मी हेच सांगते, कोचीला एक दिवस देऊन पुढे पळू नका.

पहिल्या दिवशी मात्र आम्ही फसलो, ते आधी सांगते. एर्नाकुलमच्या पाण्याकाठच्या मरीन ड्राइव्हवर पोचल्या पोचल्या चार-पाच जण मागे लागतात, दोन तासांची हार्बर टूर, सगळं दाखवणार, फोर्ट कोचीला, म्हणजे पलीकडच्या जुन्या भागात, उतरवणार वगैरे. आम्ही उन्हातून आलेलो, फार चौकशी न करता पैसे दिले. बोटीवर गाणी एवढ्या मोठ्याने की माहिती सांगणाऱ्याचा एक शब्द कळला नाही, मासेमारीची ती मोठी चिनी जाळी लांबूनच दाखवली, कुठेही उतरवलं नाही आणि तासाभराच्या आत परत मरीन ड्राइव्ह. तेव्हा पैसे द्यायच्या आधी तीन गोष्टी विचारा: बोट बंदराच्या तोंडापर्यंत जाते का, फोर्ट कोची किंवा त्याच्या जवळच्या मट्टनचेरीला उतरवणार का आणि उतरवणार तर किती वेळासाठी. समोरचा घोळात बोलायला लागला की सरळ पुढे चालू लागा, बोटी खूप आहेत. केरळ सरकारच्या शिपिंग कॉर्पोरेशनची सागरराणी बोट पण तिथूनच सुटते आणि ती बाहेर समुद्रात नेते, तिचं बुकिंग आधी करून ठेवलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर दुसऱ्या बोटीने निघालो आणि तिच्यावर सांगणारा माणूस चांगला होता, तेव्हा कुठे हे बंदर काय आहे ते कळलं. मरीन ड्राइव्हहून निघालात की उजव्या हाताला बोलगट्टी बेट, तिथला वाडा डचांनी १७४४ मध्ये बांधलेला, आता तिथे हॉटेल आहे. त्याच्या पुढे वल्लारपाडमचं कंटेनर टर्मिनल, त्या क्रेन एवढ्या उंच की मुलगा फक्त त्यांच्याकडेच बघत बसला. डाव्या हाताला विलिंग्डन बेट. आता हे बेट म्हणजे देवाने केलेलं नाही, माणसाने केलेलं आहे. पूर्वी कोचीच्या बंदराच्या तोंडाशी वाळूचा मोठा बांध होता, मोठी जहाजं बाहेरच उभी राहायची. १९२० मध्ये रॉबर्ट ब्रिस्टो नावाचा इंजिनियर आला, त्याने तो बांध कापून खोल वाट केली, खाडीतला गाळ उपसला आणि त्याच गाळाची भर टाकून हे बेट उभं केलं. १९२८ मध्ये पद्मा नावाची आगबोट पहिल्यांदा आत आली. आम्ही खाडीकाठची माणसं, गाळाने बंदर भरणं म्हणजे काय ते लहानपणापासून बघतोय, दाभोळ आणि राजापूरसारखी एके काळची बंदरं आज कशी आहेत ते माहिती आहे, त्यामुळे हे ऐकून अंगावर काटा आला.

आणि त्याच्या आधीची गोष्ट तर अजून भारी. हे बंदर उघडलं तेच १३४१ च्या पेरियार नदीच्या पुराने असं मानतात. त्या पुरात उत्तरेकडचं मुझिरिस, जिथे रोमन लोक मिरी न्यायला यायचे, ते गाळाने बसलं आणि इकडे कोचीचं तोंड मोकळं झालं. समोरचं वायपीन बेट त्याच काळातल्या गाळाचं, आणि लोकांनी त्या वर्षापासून नवा शकसुद्धा मोजायला सुरुवात केली. बोटीतून जाताना एका बाजूला वायपीन आणि दुसऱ्या बाजूला फोर्ट कोची, मधे ते अरुंद तोंड आणि पलीकडे उघडा समुद्र, हे दिसल्यावर पोर्तुगीज, १६६३ मध्ये डच, मग इंग्रज हे सगळे याच जागेसाठी का भांडले ते पुस्तक न उघडता कळतं. त्या तोंडाशी आम्हाला डॉल्फिन पण दिसले, दोन, बोटीपासून फार लांब नाही. सकाळी पाणी शांत असतं तेव्हा नजर ठेवा. मोबाइल मात्र नौदलाच्या भागात खाली ठेवा, तिथे दक्षिण कमांडचं मुख्यालय आहे आणि फोटो काढायला मनाई आहे, बोटवाले सांगतात तेव्हा ऐका.

आता खर्चाचं. टूरची बोट एकदा घ्या, बाकी सगळं फिरणं साध्या बोटीने करा. एर्नाकुलमच्या मुख्य जेटीवरून राज्य जलवाहतूक खात्याच्या बोटी फोर्ट कोचीला जातात, तिकीट बसपेक्षाही स्वस्त, खिडक्या उघड्या, वारा मस्त, बाजूला ऑफिसला जाणारी माणसं आणि शाळेतली मुलं. दुसरी वॉटर मेट्रो, २०२३ मध्ये सुरू झाली, बॅटरीवर चालणाऱ्या एसी बोटी, कोचीन शिपयार्डनेच बांधलेल्या. हायकोर्ट जेटीवरून फोर्ट कोचीला वीसेक मिनिटं लागतात आणि आम्हाला माणशी ४० रुपये पडले. आईसाठी हीच सगळ्यात सोयीची, कारण तिथली जेटी पाण्यावर तरंगती आहे, भरती असो की ओहोटी बोट आणि जेटी एका पातळीत राहते, पाय उचलून उतरावं लागत नाही. जुन्या सरकारी बोटीत चढताना मधे फट असते, वयस्कर माणसाला हात द्यावाच लागतो. वॉटर मेट्रोत काचा बंद असतात त्यामुळे फोटो धड येत नाहीत, फोटोसाठी जुनी बोट. रविवारी आणि संध्याकाळी दोन्हीकडे रांग मोठी असते, आम्ही सकाळी लवकर जाऊन दुपारी परत यायचो. फोर्ट कोचीहून वायपीनला रो-रो फेरीबोट जाते, गाड्या, रिक्षा, माणसं सगळं एकत्र, पाच-सात मिनिटांचं काम, पण बंदराचं तोंड जवळून बघायचं तर यासारखं स्वस्त काही नाही. मुलाला घेऊन आम्ही दोन वेळा उगाच गेलो आणि आलो.

चिनी जाळी, तिकडे चीनवला म्हणतात, ती मात्र बोटीतून बघून समाधान मानू नका, उतरून जवळ उभे राहा. सागवानी वाशांचा मोठा सांगाडा, एका टोकाला झोळीसारखं जाळं आणि दुसऱ्या टोकाला दोरांना ओळीने बांधलेले दगड. जाळं पाण्यात उतरतं, थोडा वेळ थांबतात, मग चार-पाच जण दोर ओढायला लागतात आणि ते दगड एकामागून एक फळ्यांवर टेकतात, धप्प, धप्प, धप्प, आणि जाळं पाणी गाळत वर येतं. आम्ही बघितलं तेव्हा मूठभर मासे निघाले, थोडे बांगड्यासारखे आणि एक खेकडा. आई म्हणाली एवढ्यासाठी एवढी माणसं? तिथल्या म्हाताऱ्या मामांनी हातानेच सांगितलं की पूर्वी भरपूर मिळायचं. ते दोर ओढायला बोलवतात, त्याचे थोडे पैसे अपेक्षित असतात, ते आनंदाने द्या, कारण जाळ्यांची डागडुजी फार महाग आहे आणि काही ठिकाणी लाकडाच्या जागी आता लोखंडी पाइप आलेत.

मट्टनचेरीला पण एकदा पाण्यावरूनच जा. बाजार रोडवरच्या जुन्या वखारींची मागची दारं थेट पाण्यावर उघडतात, आधी माल तिथूनच चढायचा-उतरायचा. रस्त्याने गेलात तर नुसती दुकानं दिसतात. ज्यूंचं सिनेगॉग १५६८ चं आहे, शनिवारी बंद, आणि मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद, त्यामुळे दिवस बघूनच ठरवा. राजवाड्यातली रामायणाची भित्तिचित्रं आईने तासभर बघितली. तिथून जवळच सारस्वतांचं तिरुमल देवस्थान आहे, पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातून निघून आलेल्या लोकांचं. एका मसाल्याच्या दुकानात बाई आतल्या मुलाशी कोकणी बोलत होत्या, आईचं माहेर वेंगुर्ल्याचं, तिने मालवणीत विचारलं आणि दोघी अर्धा तास बोलत बसल्या. चारशे-पाचशे वर्षं झाली निघून आणि अजून शब्द कळतात. मिरी तिथूनच घेतली.

एक कळकळीने सांगते. लाइफ जॅकेट घालायला लाजू नका आणि बोट भरलेली दिसली तर चढू नका. मे २०२३ मध्ये केरळातच तानूरला पर्यटकांची बोट उलटून २२ माणसं गेली, तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या मुंबईच्या गेटवेहून एलिफंटाला निघालेली बोट नौदलाची स्पीडबोट धडकून बुडाली ते सगळ्यांना माहिती आहे. एका संध्याकाळी सनसेटच्या बोटीत आम्हाला लहान मुलाच्या मापाचं जॅकेट मिळेना, आम्ही उतरलो. मुलगा रुसला, पण दुसऱ्या दिवशी मापाचं मिळालं तेव्हाच गेलो.

डिसेंबर ते फेब्रुवारी बरा काळ, ऑक्टोबर-नोव्हेंबरला दुपारनंतर विजांचा पाऊस येतो. टोपी, पाण्याची बाटली आणि सुटे पैसे जवळ ठेवा. मुख्य जेटीवर बोटीच्या पाट्या मल्याळममध्ये असल्या तरी खिडकीवर नुसतं "फोर्ट कोची" म्हटलं की तिकीट मिळतं, आणि कुठल्या बोटीत बसायचं ते आम्हाला प्रत्येक वेळी शेजारच्या कुणीतरी स्वतःहून दाखवलं.