ऐरोलीच्या गाळात गमबूट: आमची एक सकाळ आणि जाणाऱ्यांसाठी थोडं

जुलैतल्या एका रविवारी आम्ही नऊजण ऐरोलीच्या खाडीकाठी तिवरांत अडकलेलं प्लॅस्टिक काढायला गेलो होतो. ठाण्याहून लोकल, पुढे रिक्षा. पोहोचायला काहीच त्रास नाही. त्रास गाळाचा. वरून घट्ट दिसतो, पाऊल टाकलं की पोटरीपर्यंत आत.

मी भावाचे गमबूट नेले होते, एक नंबर मोठे. जाड मोजे घातले की भागेल असं वाटलं होतं. वीसेक पावलांत बूट गाळात राहिला आणि पाय बाहेर आला. तिथे उघडा पाय टेकवणं धोक्याचं: फुटक्या बाटल्या, कालवांच्या धारदार शिंपा, त्यात तिवरांची श्वसनमुळं पेन्सिलींसारखी उभी. काठावर जाळं सोडवत बसलेल्या मावशींनी ओरडून सांगितलं, "सरळ वर नको ओढूस, बाळा. टाच आधी उचल, पाऊल हलव, हवा जाऊ दे खाली." मैत्रिणीच्या खांद्यावर हात टेकून पाय परत बुटात घातला, तसंच केलं, आणि बूट अलगद सुटला.

म्हणून बूट घेताना उंचीच्या आधी टाच बघा. खाडीत घालणार तेच मोजे घालून दुकानात दहा पावलं चाला. टाच आत वरखाली होत असेल तर तो जोड ठेवून द्या. पीव्हीसीचे बूट स्वस्त पडतात, पण ताठ असतात. चांगलं रबर पावलाबरोबर वाकतं, मला तेच पटलं. बांधकामावरचे लोखंडी टोपीचे बूट नकोत, गाळात ते वजनच होतं. तळाचे खाचे खोल आणि एकमेकांपासून लांब हवेत, नाहीतर चिखल त्यांत भरतो आणि तळ गुळगुळीत होतो. जुना जोड असेल तर आदल्या रात्री पाणी भरून वर्तमानपत्रावर उभा करा, गळती सकाळी दिसेल.

वेळ ओहोटीची धरा. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून मागच्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही. पाणी चढायला लागलं की कामं टाकून बाहेर या. बुटात पाणी भरलं तर गाळात पाय उचलत नाही.

पायाला जखम असेल तर बूट कितीही चांगला असो, उतरू नका. पावसाळ्यात लेप्टोची, म्हणजे घाण पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती असते. नंतर ताप आला तर डॉक्टरांना गाळात उतरल्याचं आवर्जून सांगा.

घरी आल्यावर बूट गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवा आणि सावलीत उलटे टांगा. उन्हात रबर तडकतं. भावाचा जोड धुऊन परत केला, माझा एक नंबर लहान घेतला आहे. पुढच्या ओहोटीला तोच घालून जाणार.