सहाव्यांदा सरकलेला झीरो, आणि दुर्बिणीची मागावी लागलेली माफी

माझ्या रायफलचा झीरो, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागावी अशी दुर्बिणीची जुळणी, वारंवार सरकत होता, आणि मागच्या नोंदीत मी रायफलवरच्या दुर्बिणीवरच त्या दोषाचे खापर फोडले होते. ते आज मागे घेतो. उत्पादकाने ती ‘दोष आढळला नाही’ एवढ्याच शेऱ्यासह परत पाठवली, तेव्हा मी आठवडाभर चडफडत होतो. तो शेरा बरोबर होता, असे लिहिणे जिवावर येते, पण लिहिले पाहिजे.

लक्षण तुम्हाला ठाऊकच आहे. 100 मीटरवर दहा गोळ्यांचा गट 4 सेंटिमीटरच्या आत बसे. रायफल खडबडीत वाटेने गाडीतून नेऊन आणली की गट तितकाच आवळलेला, पण 8 ते 9 सेंटिमीटर डावीकडे गेलेला मिळे. गट न फाटता नुसती जागा बदलत असल्यामुळे बॅरल किंवा काडतुसांवर संशय घेण्यात अर्थ नव्हता. 300 मीटरवर हीच चूक सुमारे पाव मीटर होते, म्हणजे जनावर वर्मी घाव न बसता जखमी होऊन निसटणार. म्हणून हे कोडे सुटेपर्यंत ही रायफल शिकारीला न्यायची नाही, असे मी ठरवले होते.

पहिले काम अदलाबदलीचे केले. माझी जुनी, न बदलत्या सहापट विशालनाची दुर्बीण, जिच्यावर माझा डोळे मिटून विश्वास आहे, ती त्याच बेसवर (रायफलला स्क्रूंनी बसवलेल्या दुर्बिणीच्या बैठकीवर) चढवली, आणि तीही सरकली. त्यानंतर दुर्बिणीची नळी आणि तिला धरणारी रिंग, रिंग आणि बेस, बेस आणि ॲक्शन (बॅरलमागचा, काडतूस भरणारा भाग) अशा तिन्ही सांध्यांवर पातळ ब्रशने रंगाची एकेक रेघ ओढली. (हे पहिल्याच दिवशी करायला हवे होते, रंगाची एक बाटली महागड्या साधनांपेक्षा जास्त बोलते.) गाडीच्या पुढच्या फेरीनंतर रिंगांवरच्या रेघा अखंड होत्या, पण पुढच्या बेसची रेघ केसभर तुटली होती. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराला टिचकी देणारा पाना) मात्र त्याच स्क्रूंवर दर वेळी ठरलेल्या आकड्याला इमानाने टिचकी देत होता, आणि मला सर्वांत जास्त फसवले ते त्या टिचकीने.

शेवटी पुढच्या बेसचा फक्त पुढचा स्क्रू ठेवून बाकीचे काढले, तो पूर्ण टॉर्कने आवळला आणि बेसला अंगठ्याने रेटा दिला, तर तो चक्क डुलला. स्क्रूच्या टोकाला मार्करची शाई लावून पुन्हा बसवला. बाहेर काढला तेव्हा टोकावरची शाई घासून गेली होती. त्या भोकाखाली बॅरलचे आटे आहेत, त्यामुळे तिथे आखूड स्क्रू लागतो; मी मागच्या स्वच्छतेच्या वेळी त्याच बेसच्या दोन स्क्रूंची अदलाबदल करून बसलो होतो. लांब स्क्रू बॅरलला टेकून थांबत होता आणि रेंचला तोच आवळलेपणा वाटत होता, तर आखूड स्क्रू शेजारच्या खोल भोकात जेमतेम दोन आट्यांवर तग धरून होता. रिंगांमधले अंतर 12 सेंटिमीटर आहे. पुढचे टोक 0.1 मिलिमीटर उजवीकडे हलले तरी 100 मीटरवर सुमारे 83 मिलिमीटरचा फरक पडतो, आणि गोळी डावीकडे लागते. हिशेब इतका चपखल जुळला की मी कागदाकडे बघून मोठ्याने हसलो.

दोन्ही स्क्रू आपापल्या जागी, आटे ग्रीस काढून कोरडे, वर निळा थ्रेडलॉकर (स्क्रू ढिले होऊ न देणारे चिकट द्रव्य). तेव्हापासून चार फेऱ्या झाल्या आणि झीरो जागचा हललेला नाही. जवळपास सारखे दिसणारे, वेगवेगळ्या लांबीचे स्क्रू एकाच पिशवीत खुणेविना भरून देणाऱ्यांबद्दल माझे मत मात्र या चार फेऱ्यांनीही मऊ झालेले नाही. रिंगा लॅप करण्याचा, म्हणजे आतून घासून एकसारख्या करण्याचा, बेत रद्द. नळीवर ओरखडा नाही, मग निरोगी अंगावर शस्त्रक्रिया कशाला?

दुर्बिणीचे बटण फिरवावे तितकाच नेम सरकतो का, हे पाहणारी उंच लक्ष्याची चाचणीही उरकून घेतली. ओळंब्याने आखलेल्या उभ्या रेषेवर 10 मिल (100 मीटरवर एक मिल म्हणजे 10 सेंटिमीटर) वर फिरवल्यावर गट 100 सेंटिमीटर चढायला हवा होता, तो 98 चढला. दोन टक्क्यांची ही तूट तीनही वेळा सारखीच आली, परतीचा झीरो चोख होता, म्हणून ती गोळीच्या मार्गाचा हिशेब करणाऱ्या गणकात भरून मोकळा झालो. चूक नेमाने तीच येत असेल तर तिच्याशी संसार करता येतो.

यापुढे दुर्बीण धक्का सोसते का हे गादीवर रायफल टाकून पाहण्याचा बेत होता, पहिल्यांदा 45 सेंटिमीटरवरून, मग 90 वरून. लिहिता लिहिता तो बदलतो आहे, कारण त्या परीक्षेत बेस, स्टॉक (रायफलचा दस्ता) आणि दुर्बीण हे तिघेही एकदम बसतात आणि नापास कोण झाले ते कळत नाही. त्याऐवजी एका जड लोखंडी ठोकळ्यावर रेल (दुर्बीण बसवायची पट्टी) पक्की करून त्यावर दोन दुर्बिणी शेजारी शेजारी, दोन्ही एकाच जाळीच्या कागदावर रोखलेल्या, अशी मांडणी करणार आहे: एक साक्षीदार म्हणून जागची हलवायची नाही, दुसरी काढून आपटायची, परत बसवायची आणि दोन्ही रेटिकलांमधले (दुर्बिणीत दिसणाऱ्या नेमाच्या खुणांमधले) अंतर वाचायचे. एकही गोळी खर्च होणार नाही. फक्त काढून बसवण्यानेच किती फरक पडतो हे आधी, न आपटता, दहा वेळा मोजून घ्यावे लागेल. ठोकळ्याला भोके पाडायचे काम उद्या सकाळी.