खुर्ची तीच, काम दुसऱ्याकडे

बाळंतपणाची रजा मिळण्यावरून हल्ली फारसं अडत नाही. अडतं ते परत आल्यावर. पद तेच, पगार तोच, पण महत्त्वाची कामं दुसऱ्या टेबलावर सरकलेली.

अकाउंट्सचंच घ्या. 7 तारखेला टीडीएस (कापलेला कर), 11ला जीएसटीआर-1 (विक्रीचं विवरणपत्र), 15ला पीएफ, 20ला 3बी (जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र). तारीख चुकली तर बोंब, सांभाळली तर कुणाच्या खिजगणतीत नाही. कोणता पुरवठादार बिल चढवायला उशीर करतो, कुणाला 5 तारखेलाच फोन लावावा लागतो, हे सगळं एकीच्याच डोक्यात असतं. म्हणून चार्ज तोंडी देऊ नका. काम, तारीख, कुणाला गाठायचं, कुठे अडतं, असे चार रकाने करून साहेबांना मेल करा. रुजू झाल्यावर यातली कोणती कामं परत घेणार, तेही त्यातच लिहा. नाहीतर 'तुला त्रास नको म्हणून' ती परत येत नाहीत.

कायदा असा: आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असेल तर 26 आठवडे भरपगारी रजा, त्यातले प्रसूतीआधी जास्तीत जास्त 8. आधीची दोन मुलं असतील तर एकूण 12च. गरोदरपणाचा दाखला दिला की प्रसूतीआधीच्या दिवसांचे पैसे आगाऊ, उरलेले बाळ झाल्याचा पुरावा दिल्यावर 48 तासांत. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) असेल तर पैसे ते विमा महामंडळ देतं, नसेल तर सगळा भार मालकावर. मुलाखतीत 'लग्नाचं काय ठरलंय?' हा प्रश्न येतो तो इथूनच. रजा देताना बिल एकट्या मालकाच्या नावावर फाडलं, ही या कायद्यातली मोठी खोट.

50 किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवं, आणि दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा. मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला रोज दोन छोट्या सुट्या वेगळ्या. नेमकी त्याच वेळी मीटिंग लागते. तेव्हा त्या वेळा कॅलेंडरवर आधीच अडवून ठेवा.

सगळ्यात मोठा फटका अप्रेझलला, म्हणजे वर्षाच्या कामाच्या मूल्यमापनाला. टार्गेट वर्षाचं 24 लाख, हातात सहाच महिने. त्यात 13 लाख केले म्हणजे टार्गेटच्या पुढेच, पण शीटवर दिसतात 54 टक्के. टार्गेट निम्मं करून द्या, असं रजेवर जाण्याआधीच एचआरकडून मेलवर घ्या. मार्चमध्ये मागितलं तर 'सिस्टीम आता लॉक झाली' हेच उत्तर मिळतं.